पोच आल्याशिवाय

बायको गेल्याचं कळलं तेव्हा तो ऑफिसात डबा खात होता. फोन महामार्गावरच्या एका दवाखान्यातून होता. बोलणाऱ्याने आधी गाडीचा रंग विचारला, मग तिचं नाव. त्याने डब्याचं झाकण चारही बाजूंनी दाबून लावलं आणि मग उठला.

दोघं एकाच कंपनीत होते. कंपनीच्या दोन शहरांत दोन इमारती होत्या, दोन्ही यंत्रांनी भरलेल्या. त्या खऱ्या यंत्रांच्या पोटात कितीतरी आभासी यंत्रं चालायची. त्यांना हात लावता येत नाही, पण कामं सगळी तीच ओढतात. चालू असतानाच त्यांना एका इमारतीतून दुसरीत हलवता यायचं. पत्ता तोच राहायचा, वापरणाऱ्याला कळायचंही नाही.

आता तिसऱ्या शहरातली इमारत जोडायची होती. तिन्ही मिळून एकच जाळं कसं असावं, त्याच्या अटी त्याची बायको लिहीत होती. सगळ्यात वरची अट अशी: नव्या ठिकाणाहून पोच आल्याशिवाय जुन्या ठिकाणाने आपल्याकडचं काहीही सोडायचं नाही, आणि पोच आली की सोडायचंच. एकच यंत्र दोन्हीकडे जिवंत राहिलं तर दोघं एकाच पत्त्यावरून उत्तरं देऊ लागतात, आणि मग कुणावर विश्वास ठेवायचा ते कळत नाही.

ही अट तू माहेरून आणलीस, असं तो तिला चिडवायचा. तिच्या आईच्या घरात बाहेर गेलेलं माणूस "पोचले" असं कळवेपर्यंत दाराला कडी लागत नसे. सासूबाई त्यांच्याकडे राहायला आल्या तशी ती रीतही आली.

त्या दिवशी तिने चाचणी म्हणून स्वतःचंच आभासी यंत्र तिसऱ्या इमारतीकडे रवाना केलं होतं. ते ज्यात उतरायचं ते खरं यंत्र गाडीच्या डिकीत घालून ती निघाली. तिकडे यंत्रं ठेवायच्या रिकाम्या कपाटात ते बसवून ती पोच देणार होती. गाडी वाटेत उलटली. डिकीतल्या यंत्राचा चुराडा झाला. ऑफिसातल्या पडद्यावर तिच्या यंत्रापुढे, किती वाट सरली ते दाखवणारी एक अर्धवट पट्टी आणि "वाटेत" हा शब्द, एवढंच राहिलं.

घराची कडी तेव्हापासून लागली नव्हती. सासूबाई दार नुसतं लोटून घ्यायच्या.

काही महिन्यांनी विभागप्रमुख बाई त्याच्या टेबलाशी आल्या.

"ते तेवढं बंद करा आता," त्या म्हणाल्या. "अडकलेलं काम ठेवून पुढची मांडणी करता येत नाही."

"पोच आलेली नाही."

"येणार कुठून? कपाट रिकामं आहे, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे."

"मग थांबू. अट आहे."

"अट माणसांसाठी असते, माणसं अटीसाठी नसतात."

"ही यंत्रांसाठी आहे," तो म्हणाला. "आणि जबरदस्तीने बंद करायचं तर तुम्ही करा. माझ्या हातून होणार नाही."

बाई उभ्याच राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमची बायकोही अशीच डोकं खायची." पण बंद त्यांनीही केलं नाही.

त्याच आठवड्यात पट्टी सरकली.

आधी त्याला भास वाटला. त्याने चष्मा पुसला. पट्टी केसभर पुढे होती. त्याने सगळे मार्ग तपासले. तिसऱ्या इमारतीकडे जाणारी तार भिंतीपर्यंतच होती, पुढे काही जोडलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती आणखी सरकली. ज्या गतीने सरकत होती ती जाळ्याची नव्हती. जाळं एक तर पळतं, नाही तर थांबतं. ही एखाद्या पायी चालणाऱ्या माणसासारखी जात होती, मधेच दम खाऊन.

त्याने कुणाला सांगितलं नाही. तिसऱ्या इमारतीतल्या वायरमनला मात्र फोन लावला.

"कपाटात कुणी काही बसवलं का?"

"काय बसवणार साहेब? वीजसुद्धा दिलेली नाही. प्लग खाली लोंबतोय."

"जरा बघून ये."

पावलं ऐकू आली, रिकाम्या हॉलमध्ये घुमणारी. मग दाराची कुरकुर.

"रिकामंच आहे," वायरमन म्हणाला. मग थोडा थांबला. "पण गरम आहे हो."

"ऊन येत असेल."

"इथं खिडकी कुठाय?" दार पुन्हा कुरकुरलं. "आतून वारा येतोय, साहेब. पंखा चालू असल्यासारखा. मी दार लावून घेतो."

दुपारचं जेवण उरकून तो जागेवर आला तेव्हा पट्टी भरलेली होती. "वाटेत" हा शब्द गेला होता. त्या जागी लिहिलं होतं: पोच मिळाली. खाली प्रश्न होता: इथलं सोडायचं?

बाई त्याच्या खांद्यामागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी वाचलं.

"आली पोच," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आता तुमचीच अट. सोडा."

"नाही."

"दोन्हीकडे राहिलं तर काय होतं, ते तिनेच लिहून ठेवलंय."

"होऊ दे."

"हे वेडेपण आहे."

"असेल," तो म्हणाला. "तिकडे आहे ना ती? असू दे. इकडेही राहील."

पडदा तसाच ठेवून तो घरी निघाला. अजून उजेड होता.

दार ढकललं. उघडलं नाही. आतून कडी होती.

सासूबाईंनी उघडलं. हात ओले होते, चेहरा मोकळा दिसत होता.

"कडी का लावलीत?"

"का म्हणजे? आला की फोन दुपारी. पोचले म्हणाली." त्या आत वळल्या. "आवाज दमलेला होता. केवढं चालली असेल पोरगी."

तो चपला न काढता उंबऱ्यात उभा राहिला.

"आणखी काय म्हणाली?"

"तुम्हालाच विचारत होती. म्हणाली, तिकडून अजून सोडलं का नाही? दोन्हीकडे ओढ बसते, फार दुखतं म्हणाली." त्यांनी पदराला हात पुसले. "काय सोडायचंय, जावईबापू?"

तो आत आला, दार लोटलं आणि कडी न लावताच पुढे गेला.

ऑफिसातला तो प्रश्न अजून पडद्यावर तसाच आहे. इथलं सोडायचं राहिलं आहे.