तीनशे आकड्यांचा फोटो

शेवटची बोट बेटावरून परत आली तेव्हा सात वाजून गेले होते. दोघी बहिणींना न्यायला बाबांची गाडी यायची होती, म्हणून त्या धक्क्यावरच्या तिकीटघरात मामाजवळ बसल्या. मामा तिथला तिकीटमास्तर. तीस वर्षं एकाच खिडकीत बसून त्याच्या कोपरांनी फळीला दोन खळगे पाडले होते.

दिवसभर दोघींनी बेटावरच्या खोऱ्यात फोटो काढले होते. दगडी पूल, छप्पर उडालेली शाळा, ओढ्याकाठची जुनी पाणचक्की. आता छोटीचा मोबाइल मामाच्या हातात होता आणि मामा प्रत्येक फोटोला "वा!" म्हणत होता. ताई पाठ फिरवून बाहेर बघत होती. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, नुसता काळोख.

"मामा, ताई फुगली."

"मी कशाला फुगू? जागा मी शोधली, काट्यांतून वाट मी काढली, हिची पिशवीसुद्धा मीच उचलली. हिने नुसतं बटण दाबलं."

मामाने मोबाइल खाली ठेवला. "अगदी हेच वाक्य मी एकाच्या तोंडून ऐकलंय," तो म्हणाला. "ओळखीचाच होता. सांगतो, पण मध्ये बोलायचं नाही."

आणि तो सांगू लागला.

पलीकडच्या गल्लीत दोन भावांचा फोटो स्टुडिओ होता. वडिलांच्या मागे दोघांनी तो चालवला, वडिलांचा रोलचा कॅमेराही तसाच ठेवला. खोऱ्यातल्या जुन्या इमारतींचे रात्रीचे फोटो ही त्यांची खासियत. काम दोघांचं. धाकटा कॅमेऱ्यामागे उभा राहून शटर उघडायचा आणि मोठ्याने एक ते तीनशे आकडे म्हणायचा. तेवढ्या वेळात थोरल्याने बॅटरी घेऊन भिंतीभोवती फिरायचं आणि रंग द्यावा तसा उजेड द्यायचा. नियम दोनच. एका जागी थांबायचं नाही, कारण जो हलत राहतो तो फोटोत उमटत नाही. आणि बॅटरी चुकूनही कॅमेऱ्याकडे वळवायची नाही. क्षणभर वळली तरी सगळा फोटो जळतो.

फोटो असे यायचे की लोक बघत राहायचे. आणि म्हणायचे, धाकट्याचा हात म्हणजे काय!

थोरला ते ऐकायचा आणि हसायचा. प्रत्येक फोटोत तो होता आणि एकाही फोटोत दिसत नव्हता.

कधीमधी तो स्वतः कॅमेऱ्यामागे उभा राही, पण त्याचे फोटो कलंडायचे. "दादा, तुझी भिंत बघ, झोप आल्यासारखी रेललीय," धाकटा चिडवायचा. त्यांच्या स्टँडचा एक पाय झिजून आखूड झाला होता. धाकटा बोटीच्या तिकिटाची चौघडी करून त्या पायाखाली सरकवायचा की झालं काम. थोरल्याला ते नखरे वाटायचे.

"आणि परतताना तेच चुरगळलेलं तिकीट माझ्या बोटवाल्याच्या हातात," मामा म्हणाला. "शिव्या खायचा बिचारा."

मग एका हिवाळ्यात धाकट्याला न्यूमोनिया झाला. नवव्या दिवशी गेला. थोरला खूप रडला, खोटं नाही ते. पण दोन वर्षांनी ग्रंथालयातल्या बाई स्टुडिओत आल्या. खोऱ्यावर पुस्तक निघणार होतं. मुखपृष्ठावर त्यांना धाकट्याचा पाणचक्कीचा फोटो हवा होता.

"माझाही आहे की पाणचक्कीचा," थोरला म्हणाला.

"तुमचेही छान असतात हो," बाई म्हणाल्या. "जरा कलंडतात, एवढंच."

थोरल्याने त्यांना सांगितलं, ती निगेटिव्ह सापडत नाही. दुसरा फोटो काढून देतो, शनिवारपर्यंत. बाई गेल्यावर त्याने खण उघडला. निगेटिव्ह सापडली, कारण ती हरवलीच नव्हती. त्याने कात्री घेतली आणि तिचे चार तुकडे केले.

हे त्यानेच मामाला नंतर सांगितलं.

तो नोव्हेंबरमधला दुसरा गुरुवार होता, तीन वर्षांपूर्वीचा. साडेसहाची बोट. थंडीमुळे धक्क्यावर चिटपाखरू नव्हतं. थोरला कॅमेरा आणि स्टँड घेऊन एकटाच आला. मामाने त्याला एक तिकीट दिलं, खिडकी लावली आणि घरी गेला.

खोऱ्यात वारा पडला होता. चंद्र नव्हता. ओढ्याला पाणी कमी, त्यामुळे आवाजही कमी. दहा वाजून वीस मिनिटांनी थोरल्याने चक्कीसमोर, भावाच्याच जागेवर स्टँड उभा केला. आखूड पायाखाली काही ठेवलं नाही. डोळा बारीक करून पाहिलं. सरळ वाटलं. आज फोटो माझा, तो स्वतःशीच म्हणाला. नावही माझं.

शटर उघडं राहील असं अडकवून, बॅटरी न लावताच तो भिंतीकडे निघाला. तीस पावलं. बाराव्या पावलाला मागे बारीक आवाज झाला. दगडावर लोखंड घासल्यासारखा. ससा असेल.

भिंतीशी पोचून त्याने बॅटरी लावली आणि आकडे म्हणायला सुरुवात केली. एक, दोन, तीन... डावा कोपरा. दार. दारावरची कमान. चाळीस म्हणताना पाय घसरला. तोल सावरला, पण आकडा विसरला.

"एकेचाळीस."

थोरल्याचा हात फिरत राहिला.

"बेचाळीस... त्रेचाळीस..."

आवाज कॅमेऱ्याकडून येत होता. घाई नाही, राग नाही. रोजच्यासारखा.

वळायचं. बॅटरी तिकडे मारायची. एवढंच. कोण आहे ते दिसलं असतं. पण बॅटरी तिकडे वळली की फोटो जळणार. शनिवार जाणार. पुन्हा भावाचंच नाव.

त्याने बॅटरी वळवली नाही.

"शंभर..."

तो चालत राहिला. थांबायचं नव्हतं. थांबलो तर उमटेन. चाक. चाकाची पाती. उजवी भिंत.

"दोनशे दहा..."

कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला. पुसला नाही.

"दोनशे नव्व्याण्णव..."

मग काहीच नाही. ओढा... आणि त्याचा स्वतःचा श्वास...

"तीनशे."

टक्. शटर मिटलं.

आता तो वळला. बॅटरी थेट कॅमेऱ्यावर धरली. स्टँड होता. कॅमेरा होता. मागे गवत. गवत दबलेलंसुद्धा नव्हतं.

मामा थांबला. बाहेर एक गाडी आली आणि पुढे निघून गेली. बाबांची नव्हती.

"आणि फोटो?" छोटीने हळूच विचारलं.

मामाने मागच्या फळीवरून एक पुस्तक काढलं. मुखपृष्ठावर रात्रीची पाणचक्की होती. एकेक दगड मोजून घ्यावा अशी. आणि ओळंब्यात धरल्यासारखी सरळ. खाली थोरल्याचं नाव होतं.

"पुस्तक आलं तेव्हा सगळा गाव त्याच्या दुकानात लोटला," मामा म्हणाला. "आणि प्रत्येक जण एकच म्हणाला. अगदी धाकट्यासारखा जमलाय हो! महिनाभरात त्याने दुकान विकलं."

"भास असेल, मामा," ताई म्हणाली. पण एव्हाना ती छोटीला खेटून बसली होती.

"असेल. मीही त्याला तेच सांगितलं. शुक्रवारी पहाटेच्या बोटीने तो आला, तो सरळ या खिडकीशी. 'काल माझ्यानंतर कुणाला तिकीट दिलंस?' म्हणाला. कुणालाच नाही, म्हटलं. मग त्याने हे पुढे ठेवलं. स्टँडच्या आखूड पायाखाली होतं म्हणे."

मामाने खण उघडला. एक तिकीट काढून फळीवर उलगडलं. घड्या चार, आणि मधोमध लोखंडी पायाचा गोल खळगा. तारीख त्याच गुरुवारची. नंबर चारशे अठरा.

"थोरल्याला मी दिलं ते चारशे सतरा," मामा म्हणाला. "शुक्रवारी पहिल्या गिऱ्हाइकाला तिकीट द्यायला वही उघडली, तर वर चारशे एकोणीस. मधलं कुणी फाडलं, देव जाणे. बोटवाला आजही शपथेवर सांगतो, माणूस एकच चढला."

दोघी वाकून बघू लागल्या. बोटीवर चढताना तिकिटाचा जाण्याचा तुकडा फाडून घेतात. तो फाडलेला होता.

परतीचा तुकडा अजून तसाच होता.