प्रत्येक फ्रेमला नको

भंगाराच्या ढिगातली ती हिरवी सायकल दोघांनी एकदमच धरली. तिने हँडल, त्याने मागचं चाक.

"मी आधी पाहिली," ती म्हणाली.

"पाहिली असेल. पारखली का?" त्याने खिशातलं लोहचुंबक नळीला लावलं. टक्कन चिकटलं. "पोलाद आहे. वेल्डिंग घेईल. कशाला हवीय तुम्हाला?"

"मावशीच्या रोपवाटिकेतल्या कुंड्या घरोघर पोचवायला. पुढे फळी बसवून मालसायकल करून घ्यायचीय... चांगला वेल्डर मिळाला तर."

"वेल्डर समोर उभाय. चांगला की कसा, ते तुम्ही ठरवा."

हसताना त्याची ठिणगीने करपलेली भुवई जराशी वर गेली, आणि तिची हँडलवरची पकड सैल झाली. हीच फ्रेम ठरली तर? आठवड्यात सायकल तयार, मग तुम्ही कोण नि आम्ही कोण.

"नको," ती म्हणाली. "जरा... बुटकी वाटते."

झालं, दर रविवारी दोघांचा शोध सुरू झाला. नळ्यांच्या कडा कापतात म्हणून त्याने आपला एक हातमोजा तिला दिला. एक हात तिचा झाकलेला, एक त्याचा. पुढच्या चाकाच्या दांड्यांना स्प्रिंग असलेल्या सायकली तोच बाजूला सारायचा. "भार पडला की मान टाकतील." पण त्याने पसंत केलेल्या प्रत्येकीत ती खोट काढायची. एक वाकडी वाटली, एकीचा रंग आवडला नाही.

"रंग मी खरवडणारच आहे."

"तरी पण..."

"अगं, सायकल शोधतेयस की स्थळ?" मावशीने एकदा विचारलं.

"दोन्हींत घाई करू नये."

हे त्याला ऐकवायचं होतं. मावशीला ऐकवून काय उपयोग?

मग एका रविवारी त्याने तिला थेट वर्कशॉपवरच बोलावलं. मालसायकल तयार उभी होती. लांब, पुढे रुंद फळी, जोड बोट फिरवूनही लागू नयेत असे.

"विचारलं नाही तुम्हाला. विचारलं असतं तर नकोच म्हणाला असतात," तो म्हणाला. "उद्या निघतोय मी. लांबच्या गोदीत जहाजांचं काम मिळालंय."

तिने फळी हाताने दाबून पाहिली.

"माझ्या कामावर भरवसा नव्हता ना? प्रत्येक फ्रेमला नको... माणसाला कळतं हो."

"काही कळलेलं नाही तुम्हाला." तिचा आवाज चिरकला. "एकाही फ्रेममध्ये खोट नव्हती. सायकल झाली असती, तर रविवारी कुठलं निमित्त काढून आले असते मी?"

त्याने हातातला पाना खाली ठेवला. फार हळू.

"हे मागच्या रविवारी म्हणाला असतात तर... परवा करारावर सही केली मी. दोन वर्षं हलता येणार नाही."

"तुम्ही तरी विचारायचंत."

"सारखं नको म्हणणाऱ्या बाईला?"

दोघंही हसले, हसू मध्येच विझलं.

काहीतरी करायचं म्हणून ती सीटवर बसली. दोन्ही पाय अलगद जमिनीला टेकले.

"माझं माप कधी घेतलंत?"

"घ्यावं लागलं नाही," तो म्हणाला, आणि ब्रेकची तार उगाचच पुन्हा एकदा ताणून पाहू लागला.