चौदाचा आधार

दिल्लीतल्या द्वारकेत मेट्रोचे खांब नुकते उभे राहत होते आणि नव्या सोसायटीत लिफ्ट बसायची होती. जालन्याहून आलेल्या वैजयंतीची पेटी जिन्यातच अडली. वरून उतरणाऱ्या मारुतीने ती उचलली.

"काय भरलंय? विटा?"

"गणित."

"तरीच इतकी जड!"

तो हसला... आणि तिला उरलेले मजले चढल्याचं कळलंच नाही.

दोघंही सरकारी परीक्षेच्या तयारीला आलेले. दर रविवारी गच्चीवर, थंडीतल्या उन्हात, विटेच्या तुकड्याने फरशीवर आकृत्या काढत. मग घरमालकांची मुलगी, कादंबरीही अभ्यासाला येऊ लागली. दिल्लीतच वाढलेली, हसरी, दर वाक्यात 'यार'. वैजयंतीने सोललेले शेंगदाणे मारुती तिच्याही हातावर ठेवी. वैजयंतीला ते दाणे मोजून परत घ्यावेसे वाटत.

एका रविवारी ती चहा घेऊन वर आली आणि दारातच थबकली.

"यार मारुती, तू माझाच आधार घे ना!"

"बरं बाई, तुझाच घेतला. खूश?"

वैजयंतीने पेले कठड्यावर आदळले. "मी लक्ष्मीबाई नगरला मावशीकडे राहायला चाललेय. तुम्ही बसा एकमेकांचा आधार घेत!"

कादंबरी गोंधळली. "दीदी, तू पण घे ना. पंधरावाला रिकामाच आहे."

"पंधरावाला?"

मारुतीने फरशीवरच्या त्रिकोणाकडे बोट दाखवलं. बाजू तेरा, चौदा, पंधरा. "क्षेत्रफळ काढतोय. हिच्या हिंदी शाळेत त्रिकोणाच्या पायाला आधार म्हणतात. हिचा चौदाचा, उंची बारा. चौऱ्याऐंशी. मी लंब टाकून दोन तुकडे केले, तीस आणि चोपन्न. तरी चौऱ्याऐंशीच."

वैजयंतीचे कान तापले. पण माघार कशी घ्यायची? तिने विटेचा तुकडा ओढून घेतला. "परिमितीचं अर्धं एकवीस. त्यातून एकेक बाजू वजा केली की आठ, सात, सहा. चारही आकड्यांचा गुणाकार, त्याचं वर्गमूळ – चौऱ्याऐंशी! बघा. मला कुणाचा आधार लागत नाही."

"मला लागतो," मारुती हळूच म्हणाला.

"हिंदीतला?"

"नाही... मराठीतला. मावशीकडे नको जाऊस."

"मराठीत आधार म्हणजे काय असतं, यार?" कादंबरीने विचारलं.

वैजयंतीने खाली बसून शेंगा सोलल्या, सगळे दाणे मारुतीच्या ओंजळीत टाकले, आणि त्याच्याकडे न बघताच म्हणाली,

"वाटायचे नाहीत."