भिंतीवरची उजेडाची कड

७ डिसेंबर, शनिवार. दिवसभर आभाळ भरलेलं, वारा अजिबात नाही. दुपार उलटल्यावर तलावाकडून धुकं यायला लागलं आणि दिवेलागणीच्या आधीच आमच्या गल्लीचं टोक दिसेनासं झालं.

काम साधं होतं. जुन्या गाडीचे हेडलाइट बदलायचे. मुलीला तलावापलीकडच्या हॉस्पिटलात, लॅबमध्ये नोकरी लागली होती. सोमवारपासून सकाळची पाळी, म्हणजे अंधारातच घर सोडायचं. तलावाच्या कडेने जाणाऱ्या रस्त्याला दिवे नाहीत, वळणं मात्र भरपूर आहेत. आणि आमच्या गाडीच्या काचा पिवळ्या पडलेल्या, आतल्या रिफ्लेक्टरचं पाणी उडालेलं. उजेड कसला, नुसती पिवळट धूसर छटा रस्त्यावर सांडायची. मी एवढी वर्षं त्यावर भागवलं. पण पोरीला त्या उजेडात एकटीला पाठवायला जीव धजेना.

"एक दिवा बदलायला बापलेकीला अख्खा दिवस लागतो," बायको खिडकीतून म्हणाली. "मी एव्हाना घर रंगवून काढलं असतं."

"दोन दिवे आहेत, आई."

"मग दोन दिवस घ्या. मी जेवून घेते."

नवे दिवे भिंगाचे होते. जुन्या वायरिंगला एवढा भार झेपला नसता म्हणून जाड वायर ओढली, दिव्यांना थेट बॅटरीतून वीज देणारा रिले बसवला, जोड नीट टेप लावून बंद केले. सगळं झाल्यावर राहिली ती शेवटची पायरी. स्पेअरपार्टवाल्याने बजावलं होतं, "काका, भिंतीवर धरून सेट केल्याशिवाय रस्त्यावर काढू नका. समोरचा आंधळा होईल आणि वर तुम्हालाच शिव्या देईल."

मी वजनकाटे दुरुस्त करतो. असली कामं मला आवडतात. गाडी अंगणात सपाटीवर उभी केली, समोर गोदामाची पांढरी भिंत. चारही चाकांत हवा सारखी भरली, डिकीतलं सामान काढून ठेवलं. दिव्याची उंची मोजून भिंतीवर त्याहून थोडी खाली काळी टेप आडवी चिकटवली. मुलीला स्टिअरिंगवर बसवलं, कारण चालवणाऱ्याचं वजन गाडीत असलं पाहिजे. मग दिवे लावले.

जुन्या दिव्यांच्या उजेडाला कडच नव्हती. या उजेडाला मात्र पट्टीने आखल्यासारखी कड होती. कडेच्या खाली लख्ख पांढरं, वर मिट्ट काळं. मी बॉनेटवर वाकून स्क्रू फिरवायचो तेव्हा माझ्या भाराने गाडीचं तोंड दबायचं आणि कड खाली सरकायची. म्हणून दर वेळी मी बाजूला व्हायचो, कड जागेवर येऊ द्यायचो, मग बघायचो. दोन्ही बाजू टेपच्या वरच्या काठाला अगदी लागल्या. मी मागे सरून उभा राहिलो. काम मनासारखं झालं होतं.

आणि कड वर गेली.

हळूच गेली. दोन बोटं वर जाऊन थांबली. त्याच वेळी गाडीच्या मागच्या बाजूने स्प्रिंगचा बारीक आवाज आला, कोणी बसताना येतो तसा.

"हललीस का?"

"नाही बाबा. का?"

"काही नाही. बस तशीच."

स्प्रिंग जुने आहेत, एखादा सरकला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. स्क्रू फिरवून कड परत टेपवर आणली. बाजूला झालो. भिंतीकडे बघत राहिलो. या वेळी थोडा वेळ काहीच झालं नाही. अंगणात इतकी शांतता होती की नव्या रिलेची सूक्ष्म घरघर ऐकू येत होती.

मग कड पुन्हा वर गेली. थांबली. आणि पुन्हा एकदा वर गेली.

जुनाट स्प्रिंग एकदा बसतो, तो असा थांबून थांबून बसत नाही. माझ्या काट्यावर अशी हालचाल मी रोज बघतो. एक पोतं ठेवलं, काटा हलला, स्थिर झाला. दुसरं ठेवलं. तिसरं ठेवलं. वजन दिसतंय याचा अर्थ काहीतरी ठेवलेलं आहे. याला दुसरा अर्थ मला माहीत नाही.

मी गाडीला वळसा घालून मागे गेलो. दार उघडलं. सीट रिकामी होती. टॉर्च मारला, खाली बघितलं, काही नव्हतं. फक्त ओल्या लोकरीचा वास येत होता, भिजलेला स्वेटर बंद खोलीत ठेवल्यावर येतो तसा. सीटवर हात ठेवून बघावं म्हणून हात पुढे केला, आणि का कोण जाणे, टेकवायच्या आधीच मागे घेतला.

"काय शोधतोयस?" मुलीने आरशातून विचारलं.

"पाना."

"पाना तुझ्या खिशात आहे, बाबा."

मी दार लावलं. म्हटलं, उद्या उजेडी बघू. पण ती ऐकेना. "सोमवारी मी एकटी असणार. आज तू बरोबर आहेस. वळणापर्यंत जाऊन येऊ, मला या दिव्यांचा अंदाज येईल." तिला काय सांगणार होतो? भिंतीवर उजेड चार बोटं सरकला म्हणून नोकरीला जाऊ नकोस? पण न सांगता सोमवारी तिला एकटीला पाठवणंही शक्य नव्हतं. मी तिच्या शेजारी जाऊन बसलो. मागे बघितलं नाही.

तलावाच्या रस्त्याला लागलो. उजेड रस्त्यावर पडायच्या ऐवजी झाडांच्या फांद्यांवर पडत होता. धुक्यात तो पांढऱ्या भिंतीसारखा समोर उभा राही.

समोरून एक कार आली. तिने डिपर मारला.

"बाबा, वर आहेत दिवे."

"हं."

दुसरी गाडी आली, तिनेही डिपर मारला. मग एक बस. तिच्या ड्रायव्हरने वेग कमी करून खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "अहो, किती माणसं कोंबलीत मागे? दिवे आभाळात गेलेत!" आणि बस निघून गेली.

मुलगी हसली. "कोंबलीत म्हणे. रिकाम्या गाडीत."

मला हसू आलं नाही. एक गोष्ट आठवली. या रस्त्यावर समोरचे लोक मला नेहमीच डिपर मारायचे. अगदी जुने दिवे होते तेव्हाही, ज्यांनी कुणाचेच डोळे दिपले नसते. मला वाटायचं ओळखीचे असतील. मीही उलट डिपर मारून नमस्कार करायचो. इतकी वर्षं. मग ते लोक मला काय दाखवत होते...?

"बाबा, गप्प का झालास?"

"समोर बघ. सावकाश घे."

तलावाची पहिली वळणं आली. उजवीकडे पाणी असावं, दिसत नव्हतं. गार वारा मात्र काचेच्या फटीतून आत येत होता. आणि तेवढ्यात उजेड खाली यायला लागला.

आधी फांद्यांवरून बुंध्यांवर आला. मग बुंध्यांवरून रस्त्यावर, जिथे असायला हवा तिथे. माझा श्वास सुटला. उतरले, असं मनात आलं. कोण उतरले हे मनाने विचारलं नाही.

"बघ, आपोआप बसले जागेवर," मुलगी म्हणाली.

पण उजेड तिथे थांबला नाही. तो रस्त्यावरून आमच्याकडे सरकू लागला. लांबचं वळण अंधारात गेलं. मग कठड्याचे दगड गेले. मग अगदी जवळचा पांढरा पट्टाही गेला. मी बॉनेटवर वाकलो की कड कशी खाली यायची, ते मी तासाभरापूर्वीच बघितलं होतं. गाडीचं तोंड दबल्याशिवाय उजेड असा जवळ येत नाही.

ते उतरले नव्हते. पुढे आले होते.

"बाबा... मला रस्ता दिसत नाहीये."

समोरच्या काचेवर, बरोबर तिच्या चेहऱ्यासमोर, तळहाताएवढी वाफ धरली होती. तिने वायपर चालवला. काच पुसली गेली. पुन्हा तिथेच, तेवढीच वाफ धरली. वायपर बाहेरून फिरतो. म्हणजे वाफ बाहेरून धरत होती.

"ब्रेक दाब."

"बाबा, काचेवर कोण..."

"दाब!"

गाडी थांबली. उजेड बंपरच्या पुढे जेमतेम हातभर पडला होता, पांढऱ्या रांगोळीसारखा. त्याच्या पुढे काय आहे ते दिसत नव्हतं. बॉनेटवर काहीच नव्हतं. मी नीट बघितलं, काहीच नव्हतं. पण पत्रा कुरकुरत होता.

मी तिला माझ्या दाराने ओढून बाहेर काढलं. दिवे बंद करायचंही भान राहिलं नाही. तिचा हात धरून आम्ही घराच्या दिशेने चालू लागलो. "मी सोमवारी जाणार नाही," एवढंच ती म्हणाली.

काही अंतर गेल्यावर न राहवून मी मागे वळलो. धुक्यात गाडीच्या पलीकडे उजेड पुन्हा लांबवर पडला होता. सरळ, स्वच्छ, जसा मी भिंतीवर लावला होता तसा.

"गाडी रिकामी झाली," मी म्हणालो.

"मग बरं झालं ना?"

रस्त्यावर आमच्या पावलांचा आवाज येत होता. फक्त आमच्याच पावलांचा येत होता, हे मी पुन्हा पुन्हा ऐकून बघत होतो. ओल्या लोकरीचा वास मात्र आता उघड्यावरही येत होता, अगदी खांद्याजवळून.

तेवढ्यात मागून दुधाची गाडी आली. रोज याच वेळी ती रिकामे कॅन घेऊन डेअरीकडे जाते. दूधवाला ओळखीचा, माझ्याकडूनच त्याचा काटा दुरुस्त होतो.

"काय काका, बापलेक फिरायला? तिकडे गाडी दिवे लावून सोडलीत, बॅटरी उतरेल ना!"

"बंद पडली. घरी सोडशील?"

"बसा की. पुढेच बसा, मागे कॅन आहेत."

आम्ही दोघं त्याच्या शेजारी दाटीने बसलो. त्याने गिअर टाकला. रस्त्याकडेच्या झाडांना पांढरे पट्टे मारलेले आहेत. त्याचा उजेड त्या पट्ट्यांच्या मध्यावर होता. गाडी हलायच्या आत तो पट्ट्यांच्या वरच्या काठाला गेला. मग पट्ट्यांच्या वर. मग आणखी वर, खोडाला जिथे फांदी फुटते तिथे.

"च्यायला," दूधवाला म्हणाला, "रिकामी असून मागून बसली की काय? कुणी चढलं का हो?" त्याने आरशात बघितलं. "नाही कुणी."

मुलीने माझी बाही घट्ट पकडली. "बाबा, बघू नकोस," ती कुजबुजली. म्हणजे तीही तेच बघत होती.

मी त्याला काही सांगितलं नाही. तो भला माणूस, घरी दोन लहान मुलं. तरीही सगळा रस्ता माझ्या मनात एकच होतं. आम्ही उतरू आणि ही गाडी अशीच, मागून बसलेली, डेअरीकडे निघून जाईल. तसंच व्हावं असं मला वाटत होतं.

तो आमच्या गल्लीत शिरला. आमच्या घराच्या जरा पुढे, वळणावर एक बंद दुकान आहे, त्याचं शटर आडव्या पट्ट्यांचं. घरासमोर गाडी थांबली तेव्हा त्याच्या उजेडाची कड त्या शटरवर वर, पाटीच्या जरा खाली होती. बायको दारातच होती.

"अहो, गाडी कुठेय? आणि हिचा चेहरा असा का झालाय?"

"आत जा आधी," मी मुलीला म्हटलं. ती धावत पायऱ्या चढली. मीही उतरलो. आमचं वजन पुढून गेल्यामुळे कड एक पट्टी वर गेली. तसंच व्हायला हवं होतं. मी रस्त्यावर उभा राहून शटरकडे बघत राहिलो.

"बरंय काका, येतो," दूधवाला म्हणाला.

कड खाली आली. थांबली. पुन्हा खाली आली. थांबली. मग तिसऱ्यांदा खाली आली आणि शटरच्या मध्यावर स्थिर झाली.

"आता बघा, मोकळी झाली!" दूधवाला खुशीत म्हणाला. त्याने गिअर टाकला आणि हलकी झालेली गाडी कॅन खणखणवत वळणावरून निघून गेली.

बायको दार उघडं धरून उभी होती.