कोऱ्या चेहऱ्याचा कागद

मुलांनो, माझ्याबरोबर एक खोली मनात उभी करा. घाई नको, एकेक वस्तू ठेवत जाऊ. समोरासमोरच्या दोन भिंतींना लागून तीन-तीन खुर्च्या. स्पिरिटचा वास. आवाज न करता सरकणाऱ्या काट्यांचं घड्याळ. आत जायच्या दाराला गोल काच. आता एका रांगेतल्या मधल्या खुर्चीवर नऊ वर्षांची एक मुलगी बसवा. तिच्या उजव्या गालावर जन्मापासूनचा जांभळा डाग आहे, तिच्या स्वतःच्या तळहाताएवढा. बसवलीत? छान.

तिला घरात सगळे शाई म्हणत. नाव आत्याने पाडलं होतं. "देवाच्या हातून दौत कलंडली, आणि पुसायला फडकं सापडेना," असं आत्या आल्यागेल्याला सांगायची. माणसं हसायची. शाईची आईसुद्धा हसायची, कारण आत्याच्या विनोदावर हसलं नाही, तर पुढचा विनोद आपल्यावर होतो हे तिला ठाऊक होतं.

आज दवाखान्यात शाईच्या एका बाजूला आई होती, दुसऱ्या बाजूला आत्या, आणि आत्या मात्र गप्प होती. तिच्या डाव्या नाकपुडीशेजारी मसुरीएवढी एक चकचकीत पुळी आली होती. वर्ष झालं तरी ती बरी होईना. तपासणीत निघाला त्वचेचा कर्करोग. सर्जनबाई म्हणाल्या, "हा सगळ्यात नेहमीचा प्रकार. सावकाश वाढतो, जिवावर सहसा बेतत नाही. पण आतल्या आत मुळं सोडतो, म्हणून काढायचा."

काढायची रीतही त्यांनी समजावली. जागा बधिर करून एक पातळ चकती कापायची. तिच्या कडा रंगवायच्या, ती गोठवायची, तिचे पापुद्रे सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. तासभर लागतो, तोवर पेशंटने पट्टी लावून बाहेर बसायचं. रोग ज्या कडेला उरला असेल, तिथे चेहऱ्याच्या नकाशावर लाल खूण करायची आणि फक्त तेवढंच पुन्हा कापायचं. कडा स्वच्छ मिळेपर्यंत हेच.

नकाशा म्हणजे एक छापील कागद. केस नसलेला, बुबुळं नसलेला, नुसत्या रेघांचा चेहरा. शाई फार चुळबुळ करत होती, म्हणून नर्सने गठ्ठ्यातला एक कागद तिला दिला. "घे, रंगव."

आत्या पहिली चकती देऊन बाहेर आली. शाईने कंपासपेटीतून लाल पेन्सिल काढली आणि कुठून सुरुवात करावी या विचारात नाकाखाली एक ठिपका दिला.

तासाने नर्स आली. "खालच्या कडेला थोडं उरलंय. चला."

शाईने कागदाकडे पाहिलं. ठिपका खालच्याच कडेला होता.

असं होऊ शकतं, तिने स्वतःला समजावलं. नाक केवढंसं, कडा किती. गणितात हुशार होती ती. म्हणून आत्या दुसऱ्यांदा बाहेर आल्यावर तिने मुद्दाम दुसरी जागा निवडली. नाकाच्या वर, दोन भुवयांच्या मध्ये.

"आता वरच्या बाजूला," तासाने नर्स म्हणाली. "अगदी भुवयांपाशी. विचित्रच आहे."

आत्या आत गेल्याबरोबर शाईने खोडरबर काढलं आणि सगळं पुसलं. कागद झिजून पातळ होईपर्यंत पुसलं. मग दोन्ही हात मांडीखाली दाबून ती बसून राहिली.

तिसऱ्यांदा आत्या बाहेर आली, तेव्हा पट्टी नाकावरून कपाळापर्यंत गेली होती. पण बाई म्हणाल्या होत्या की बहुतेक एवढंच. त्यामुळे आत्याचा आवाज परत आला होता.

"सुटले बाई एकदाची," ती म्हणाली. "बघ शाई, माझा डाग कापून फेकता तरी आला. तुझा कापायचा तर अर्धं तोंडच फेकावं लागेल."

आई हसली. "तुमचं आपलं काहीतरीच, वन्सं."

शाईने दोघींकडे पाहिलं. मग मांडीखालचा उजवा हात बाहेर काढला.

तिने डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात ठिपका दिला. लहानसाच. मग तो गोल, गोल, गोल मोठा केला.

तासाच्या आतच नर्स आली.

"बाई म्हणतात, तीनदा तपासलं. डोळ्याकडे सरकलंय. इतक्या लवकर, इतकं लांब कसं गेलं, त्यांनाही कळत नाहीये."

"डोळ्याकडे म्हणजे?" आत्याने विचारलं. "डोळा राहील ना माझा?"

"आत तर चला."

आत्या उठली. उठताना तिची नजर शाईच्या मांडीवर गेली. कागद तिथे उघडाच होता. नाकाखालचा पुसट ठिपका, भुवयांमधला पुसट ठिपका, आणि हा ताजा.

आत्याने आपल्या पट्टीवर त्याच तीन जागी बोट ठेवून पाहिलं.

मग ती खुर्चीचा हात धरून खाली वाकली. शाईच्या कानाशी आली. तिच्या पट्टीला औषधाचा वास येत होता.

"बाळा," ती म्हणाली. हा शब्द तिने शाईसाठी कधी वापरला नव्हता. "पुसतेस ना ते? पूस ना, राणी."

खोडरबर शाईच्या मुठीत होतं. गरम झालं होतं.

"काय पुसायचंय, वन्सं?" आईने विचारलं.

नर्सने आत्याला दंडाला धरून आत नेलं. गोल काचेतून ती मागे वळून बघताना दिसली, मग दिसेनाशी झाली.

शाईने खोडरबर कंपासपेटीत ठेवलं. पेन्सिलीला टोक केलं, आणि जमिनीवर कचरा नको म्हणून भुसा रुमालात गोळा केला. नंतर ती नर्सच्या टेबलापाशी गेली.

"अजून एक कोरा चेहरा द्याल?" तिने विचारलं.

नर्सने दिला. शाई परत आली, पण आपल्या जागेवर बसली नाही. ती आईच्या बरोबर समोरच्या खुर्चीत बसली. नीट दिसावं म्हणून.