खर्डीच्या चॅपलमधली पश्चिमेची खिडकी

“बाय, सगळा काढ. डोळं तेवढं नको रंगवू त्याला.”

सावळीने हे अनेकदा सांगितलं होतं. आग्नेसने दर वेळी हसून मान हलवली.

आणि दर वेळी मनात म्हटलं, बिचारी अडाणी आहे.

मी पुढे जे लिहितेय, त्यातला एक शब्दही रचलेला नाही. पटो, न पटो. आग्नेस म्हणजे माझी पणजी. वसईची, मुंबईत चित्रकला शिकलेली. हे घडलं १९४६ साली, खर्डी स्टेशनपासून बरंच आत, जंगलाच्या कडेला बांधलेल्या एका लहानशा चॅपलमध्ये. गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी.

भुतांना अंधार लागतो म्हणतात.

तेव्हा लख्ख ऊन होतं...

आग्नेसचा नवरा पास्कू लाकडाच्या ठेकेदाराकडे मुकादम होता. पाड्यापाड्यांतून माणसं ओढून कोळशाच्या भट्ट्यांवर आणायची, हे त्याचं काम. त्यांची मुलगी तेरेजा तेव्हा नुकती बसायला लागली होती. आधीचं मूल तापात गेलेलं. त्यामुळे आग्नेसचा सगळा जीव या पोरीत. झोपलेल्या तेरेजाच्या नाकाशी बोट धरून ती श्वास बघायची. पुन्हा बघायची. काम करतानाही दुरडीतली पोर नजरेसमोर हवी.

चॅपलच्या फादरनी तिला रंगीत काचांच्या खिडकीचं काम दिलं होतं.

“गोरे संत पुष्कळ झाले, आग्नेस. इथल्या माणसाला आपला वाटेल असा एक कर.”

पश्चिमेच्या भिंतीत उंच खिडकी. तिच्यात संत सेबास्त्यन. श्रद्धेपायी मारलेला, झाडाला बांधलेला, अंगभर बाण रुतलेला रक्तसाक्षी. चित्र झालं, पण मनासारखा चेहरा काही सापडेना.

तो तिला पाड्याच्या वेशीवर सापडला.

सागाचा एक खांब. त्याला वीर म्हणायचे. कोणी हत्याराने मेला की त्या पाड्यावर त्याच्या नावाने असा खांब रोवत. जाड ओठ, रुंद नाक, एक फाटका कान... सगळं हुबेहूब कोरलेलं.

डोळ्यांच्या जागी मात्र गुळगुळीत लाकूड.

तो सावळीचा मुलगा होता. नवसू. सावळी चॅपलच्या कामावर पाणी भरायची आणि येताजाता तेरेजाला थोपटायची.

“कसा गेला गं?” आग्नेसने विचारलं.

“कुऱ्हाडीनं.”

“कोणी मारलं?”

“आमी नाय बघितलं. त्यानं बघितलं.” सावळीने घागर खाली ठेवली. “म्हणून तं डोळं नाय ठेवत, बाय. डोळं आलं का तो उठतो. मारणाऱ्याकडं जातो. मंग त्याच्या पोरांकडं, पोरांच्या पोरांकडं. घर सरंस्तवर.”

आग्नेसच्या अंगावर काटा आला होता, हे तिने नंतर कबूल केलं. पण तेव्हा ती हसली.

तोच चेहरा तिने संताला दिला. गवंडी जैतूला ते चित्र भारी आवडलं.

“बाय, देव आमच्यावानी काळा केलास! पण सांभाळ हां. उद्या मुकादम त्यालाबी वेठीला नेतील.”

सगळे हसले. सावळी नाही हसली.

काम सुरू झालं. आग्नेस काच कापायची, तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवायची, सांधे झाळायची. चेहऱ्याचं काम वेगळं होतं. मधाच्या रंगाच्या काचेवर काळ्या रंगाने तो रंगवायचा आणि भट्टीत भाजायचा. एकदा भाजला की मग तो पुसता येत नाही.

तिने आधी डोळे सोडून बघितले. पण लांबून संत आंधळा दिसायला लागला. इतक्या मेहनतीच्या कामाला असं डागाळून ठेवायचं?

सावळी पाण्याला गेली होती. आग्नेसने डोळे रंगवले.

भट्टी निवली. तुकडे बाहेर आले. सगळे गार.

एकच तुकडा गरम होता...

दुसऱ्या दिवशीही तो गरमच होता. माणसाचं अंग असतं, तसा.

खिडकी बसली. उन्हं कलली आणि चॅपलच्या पांढऱ्या फरशीवर रंग सांडले. लाल. निळा. हिरवा. आग्नेस हरखून बघत राहिली.

मग तिच्या लक्षात आलं...

संताच्या चेहऱ्यातून उजेड येतच नव्हता. फरशीवर त्या जागी नुसता काळा डाग.

रंग जाड लागला असेल, असं तिने स्वतःला समजावलं. पण ऊन उतरलं तसे बाकीचे रंग सरकत गेले. डाग सरकला नाही.

तो दाराजवळ थांबला होता. कोणाची तरी वाट बघत.

बाहेर किर्र किर्र करणारे किडे एकदम गप्प झाले. झाडावरचे होले गप्प. दुरडीत हुंकार देत बसलेली तेरेजाही गप्प.

पोर त्या डागाकडे टक लावून बघत होती.

आग्नेस तिला उचलायला वळली, तेवढ्यात पास्कू दारात आला. खिडकी त्याने अजून पाहिलेली नव्हती.

“आवर आग्नेस, वाटेत काळोख होईल. आणि फादरना सांग...”

त्याची नजर खिडकीवर गेली.

“हा इथं कसा?”

“कोण? संत सेबास्त्यन आहे तो.”

“संत कसला! नवसू आहे हा!”

त्याचा आवाज चिरकला. हे नाव आग्नेसने घरात कधीच काढलं नव्हतं.

“तू ओळखतोस त्याला?”

“वेठीला येईना. चारचौघांत मला नाही म्हणाला. मी नुसतं दांड्यानं मारणार होतो गं... हातात कुऱ्हाड उलटी होती की सुलटी, मला आठवत नाही...”

डाग हलला.

त्याच्या पायावर चढला. गुडघ्यावर. छातीवर. पास्कू किंचाळला. त्याने जैतूचा हातोडा उचलला आणि खिडकीवर भिरकावला.

काच फुटली.

पण खाली पडली नाही...

तुकडे क्षणभर हवेतच थांबले. मग सगळे एकदम आत आले. पहिला त्याच्या खांद्यात घुसला. दुसरा मांडीत. तो पळायला वळला, तर शिशाच्या पट्ट्या सळसळत फरशीवरून आल्या आणि त्याच्या मनगटांना आवळल्या. हाडं मोडल्याचा आवाज आग्नेसने ऐकला. पट्ट्यांनी त्याला फरफटत नेऊन दाराच्या चौकटीला बांधलं. हात वर, मान एका बाजूला.

तिने चितारलेल्या संतासारखा.

मग एकेक काच येत राहिली. लाल. निळी. हिरवी. पोटात. बरगड्यांत. गालातून आरपार. प्रत्येक काच शिरताना ओला, बुजलेला आवाज.

आणि तशा अवस्थेत तो ओरडला,

“पोरीला पुढे धर! आग्नेस, पोरीला माझ्यापुढे धर! लेकराला नाही मारायचा तो!”

आग्नेसने त्याच्याकडे पाहिलं.

मग तेरेजाला दुरडीतून उचलून छातीशी घट्ट घेतलं आणि पास्कूकडे पाठ फिरवून खाली बसली. पाठीत काचा घुसल्या. तरी ती हलली नाही.

मागे एकच घाव बसला. लाकडावर बसतो तसा. पास्कूचं ओरडणं थांबलं.

काहीतरी जड फरशीवर पडून घरंगळत गेलं. ते तिने बघितलं नाही. शेवटपर्यंत, कधीच कोणाला ते काय होतं हे सांगितलं नाही.

खिडकीच्या जागी आता मोकळं भोक होतं. त्यातून सरळ ऊन येत होतं. तरीही तो डाग फरशीवर होताच...

आणि तो तिच्याकडे येत होता.

तिच्या पदरावर आला. तेरेजाच्या पायाजवळ आला. पोर थंडगार पडली. आग्नेसने सवयीने तिच्या नाकाशी बोट धरलं...

श्वास नव्हता.

“नवसू!”

दारातून सावळी धावत आली. रक्तातून तशीच अनवाणी. येऊन त्या डागावर फतकल मारून बसली, तापलेल्या पोराला मांडीवर घेतात तशी.

“ही पोर मी थोपटलीय रं. तुझ्यावानीच थोपटलीय. ऐक माझं. बस हितं.”

कितीतरी वेळ काही झालं नाही.

मग तेरेजाने मोठ्याने टाहो फोडला.

ऊन डोंगरामागे गेलं. सावळीने वर बघितलं नाही.

“जा बाय. लांब जा. मी हाय तवर त्याला बसवून ठेवीन. मी गेल्यावर... ते माझ्या हातात नाय.”

सरकारी लोक आले, जड खिडकी अंगावर पडून मेला म्हणाले. मोडलेल्या मनगटांबद्दल कोणी विचारलं नाही. आग्नेस पोरीला घेऊन वसईलाही थांबली नाही, थेट मंगळूरला गेली. तिने पुन्हा ब्रश हातात धरला नाही. मरताना तेरेजाकडून एकच वचन घेतलं, कल्याणच्या पुढे कधी पाऊल टाकायचं नाही.

तेरेजा म्हणजे माझी आजी.

तिचा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. उतारवयात मोकळी हवा हवी म्हणून गेल्या वर्षी हट्टाने कल्याणच्या पुढे, खर्डीच्या वाटेवरच्या आसनगावात घर घेतलं. एकटीच राहते. आम्ही सगळ्यांनी परोपरीने समजावलं. तिने ऐकलं नाही.

परवा फोनवर सहज म्हणाली,

“अगं, एक तरुण मुलगा येऊन पायरीवर बसतो. फाटक्या कानाचा. पाणी दिलं तर घेत नाही. नुसता आत बघत बसतो.”

तेव्हापासून ती फोन उचलत नाहीये.

तुम्ही म्हणाल, मग तू जा. मी निघाले होते. दारापर्यंत गेलेही. पण माझ्या कडेवर माझं बाळ आहे. आणि तेही त्याच घरातलं आहे.

वाचणाऱ्यांपैकी कोणी आसनगावात राहत असेल, तर हात जोडते. स्टेशनच्या पूर्वेला, तुळशीच्या कुंडीशेजारी छोटा क्रूस असलेलं बैठं घर आहे. दार वाजवा. तेरेजाआजी म्हणून हाक मारा. ओ देते का ते ऐका.

पायरीवर कोणी बसलेलं असलं, तर त्याच्याशी बोलू नका.

फक्त माझी आजी श्वास घेतेय का, तेवढं बघून मला कळवा.