बाबांच्या ॲम्पचा फाटका आवाज

योजना साधी होती. लिंबूने ॲम्पवर बसायचं आणि आभाळ कोसळलं तरी उठायचं नाही.

"आणि शू लागली तर?" लिंबूने विचारलं.

"शूला जामीन मिळणार नाही," वकील म्हणाला.

वकील हा आत्याचा मुलगा, सुट्टीला मामाकडे आलेला. हे नाव त्याला घरच्यांनीच दिलं होतं, कारण तो कशाचीही बाजू मांडायचा. अर्धवट प्यायलेल्या दुधाचीसुद्धा. लिंबू म्हणजे भिंगरीचा धाकटा भाऊ. रडायच्या आधी त्याचा चेहरा आंबट व्हायचा, म्हणून लिंबू. आणि भिंगरी एका जागी ठरत नसे, म्हणून भिंगरी. म्हणजे, पूर्वी ठरत नसे. बाबा गेल्यापासून ती खिडकीशी बसली की बसूनच राही. पण नाव काही कोणी बदललं नव्हतं.

ॲम्प बाबांचा होता. बाबा दिवसा छापखान्यात काम करत आणि संध्याकाळी बँडमध्ये बेस गिटार वाजवत. चार जाड तारांच्या त्या गिटारकडे ऐकणाऱ्यांचं लक्षही जात नाही; पण ती थांबली की अख्ख्या गाण्याच्या पायाखालची जमीन सरकते. तिचा स्वतःचा आवाज मात्र पुटपुटण्याएवढा. तो मोठा करायचं काम ॲम्पचं.

बाबांच्या मागे ती गिटार काकाने गळ्यात घेतली. काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. त्याचं रंगाचं दुकान होतं आणि दुकानामागच्या खोलीत बँडचा सराव चाले. पहिल्याच संध्याकाळी काकाने तार छेडली आणि ॲम्पमधून जाड कापड टरकावल्यासारखा आवाज आला. फाटका तर होताच, वर कोणी उशी दाबून धरावी तसा चेपलेलाही. काकाने वायर बदलली. तारा बदलल्या. बँडमध्ये ड्रम वाजवणारे धडामकाका कान लावून म्हणाले की स्पीकरचा पडदा फाटलाय, दुसरं काही नाही. वाद्यांच्या दुकानदाराने फोनवरच मान्य केलं, म्हणजे कोणी उघडूनही न पाहता निकाल लागला. जुना ॲम्प द्यायचा, त्याच्या बदल्यात नवा घ्यायचा. आज संध्याकाळी टेम्पो येणार होता.

भिंगरीने काल जेवताना म्हणून पाहिलं होतं की राहू द्या ना. काका ताटाकडे बघत म्हणाला होता, "बाळा, मलाही जड जातंय. पण मोडकी वस्तू उराशी धरून दादा परत येणार आहे का?"  आई ताटं उचलून आत गेली होती.

म्हणून आज दुपारी खोली झाडून देतो असं सांगून पोरांनी काकाकडून किल्ली मिळवली. ही कार्टी एवढी गुणी कधीपासून झाली, असं काका गिऱ्हाइकाला कौतुकाने सांगत राहिला.

खोलीत टर्पेंटाइनचा वास होता. रिकामे डबे एकावर एक रचलेले, आणि आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले. लिंबू ठरल्याप्रमाणे ॲम्पवर चढून बसला. मग तिघं एकमेकांकडे बघत राहिले, कारण योजनेत याच्या पुढे काही नव्हतंच.

"आरोपीचं म्हणणं न ऐकताच शिक्षा झालीय," शेवटी वकील म्हणाला. "आधी ते ऐकू या."

ॲम्प कसा सुरू करायचा ते भिंगरीला येत होतं. बाबांनीच शिकवलं होतं. तिने वायर जोडली, बटण दाबलं आणि वकिलाने गिटार गळ्यात घेऊन तारेवर असा काही हात मारला की जणू विरुद्ध बाजूचा साक्षीदार समोर उभा होता. घर्रर्र असा फाटका आवाज आला, बसायची जागा थरथरली आणि लिंबू टुणकन खाली उतरला. योजना तिथेच संपली.

मग लिंबूने हट्ट धरला की मी पण वाजवणार. गिटार त्याच्याहून मोठी, म्हणून तो जमिनीवर बसला आणि ती त्याच्या मांडीवर आडवी ठेवली. जाड तार त्याच्या बोटाला कशीबशी हलली.

खोलीत एक सूर भरला. गोल, उबदार, कुठेही चिरा नसलेला.

कोणी हललं नाही. लिंबूने घाबरत पुन्हा तार छेडली. पुन्हा तसाच. वकिलाने गिटार घेऊन जोरात वाजवलं, तर फाटका. लिंबूने वाजवलं की अखंड.

"पडदा फाटलाय, तर तो लिंबूच्या वेळी शिवला जातो का?" वकील म्हणाला. तो आता येरझाऱ्या घालत होता. त्याने आपले हेडफोन काढले. ॲम्पला हेडफोनचं भोक होतं, आणि त्यात पिन घातली की स्पीकर मुका होत असे. हेडफोन भिंगरीच्या कानाला लावून त्याने पुन्हा जोरात हात मारला. स्पीकरचा पडदा हललाही नाही, पण भिंगरीच्या कानात तेच टरकावलेलं कापड.

म्हणजे स्पीकर निर्दोष होता. आवाज त्याच्यापर्यंत पोचायच्या आधीच फाटत होता.

भिंगरी गुडघ्यांवर बसली आणि बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच ॲम्पचा दर्शनी भाग नीट पाहू लागली. वायर जिथे शिरते त्याच्या शेजारी पहिला नॉब, गेनचा. त्याच्या डोक्यावर एक बारीक लाल दिवा. वकील वाजवी तेव्हा तो ढणढणा पेटे आणि पेटलेलाच राही. लिंबूच्या वेळी तो मिटलेला असे.

तिला बाबांचं सांगणं आठवलं. गेन म्हणजे दार किती उघडं ठेवायचं ते. आपण सगळ्यात जोरात वाजवू तेव्हा लाल दिव्याने नुसता डोळा मिचकावावा. तो पेटून राहिला तर समजायचं की दारातच चेंगराचेंगरी झाली आणि आवाजाचे कपडे फाटले. तिने पाहिलं, गेन जवळजवळ शेवटपर्यंत फिरवलेला होता. शेजारचा नॉब कॉम्प्रेसरचा. मोठ्या सुराचं डोकं दाबायचं आणि छोट्या सुराला स्टुलावर उभं करायचं, म्हणजे दोघं एका उंचीचे दिसतात, हे त्याचं काम. तो तर पार टोकाला होता.

आणि हे एकाही मोठ्या माणसाला दिसलं नव्हतं. बँडचा नियमच होता, दुसऱ्याच्या नॉबला हात लावायचा नाही. बाबा गेल्यावर तर तो नियम देवाज्ञा झाला. काका दर आठवड्याला रंगाच्या मऊ ब्रशने त्या नॉबांवरची धूळ झाडायचा, तीही श्वास रोखून, एखादा नॉब केसभर फिरू नये म्हणून. दादाने लावलंय म्हणजे बरोबरच, असं तो म्हणायचा. त्यांनी सगळीकडे शोधलं. जिथे दोष होता तेवढी जागा सोडून.

"खटला संपला," वकील म्हणाला आणि त्याने गेनकडे हात नेला.

भिंगरीने त्याचं मनगट धरलं. "थांब."

बाबा गेन नेहमी मधोमध ठेवत. तिला शिकवलं तेही तसंच. मग हा असा शेवटपर्यंत कोणी फिरवला? दुसरं कोणी हात लावणं शक्यच नव्हतं. तिची नजर लिंबूच्या बोटांकडे गेली. तार जेमतेम हलवणारी ती बोटं.  पोरांना तिथेच बसायला सांगून ती घराकडे पळत सुटली.

आई गच्चीवर कपडे काढत होती. भिंगरीला धाप लागली होती, तरी तिने सरळच विचारलं. बाबांच्या हाताला काय झालं होतं?

आईने चादरीची घडी घालायला घेतली, मोडली, पुन्हा घालायला घेतली.

"बोटांतला जीव जात होता त्यांच्या," ती म्हणाली. "शर्टाची बटणं मी लावून द्यायचे, तुम्ही उठायच्या आधी. तुम्हाला कळू द्यायचं नव्हतं. काकालाही नाही. मला म्हणाले, नुसती बोटं टेकवली तरी ऐकू जाईल असं काहीतरी करतो. काय केलं ते मला ठाऊक नाही गं, मला त्यातलं कळत नाही. पण शेवटच्या कार्यक्रमाला मी पहिल्या रांगेत होते. बोटं नुसती फिरत होती तारेवरून. आणि लोक म्हणत होते, काय वाजवतो हा माणूस, नेहमीसारखाच."

 भिंगरीने चादरीचं दुसरं टोक धरलं आणि दोघींनी मिळून घडी घातली.

परत येऊन तिने पोरांना सगळं सांगितलं. लिंबू आपल्या हाताकडे बघत होता.

"म्हणजे बाबांना माझ्याएवढाच जोर होता?"

"तुझ्याएवढा," भिंगरी म्हणाली.

वकिलाला एरवी शब्द कमी पडत नसत. आता त्याने चष्मा काढून पुसला, घातला, पुन्हा पुसला. नॉब फिरवायच्या आधी फोटो काढून ठेवू या, एवढंच तो म्हणाला. भिंगरीने मान हलवली. नको, फोटोतून आवाज येत नाही. बाबांच्या बोटांनी शेवटचं जिथे ठेवलं तिथे ते दोन नॉब होते, आणि ते फिरवले की फिरवले. न फिरवावेत तर टेम्पो ॲम्प घेऊन जाणार.

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. दुकानातून काका आणि धडामकाकांच्या चपला बोळात वाजू लागल्या.

भिंगरीने दार लोटलं आणि लिंबूला खूण केली. ॲम्प सुरू केला की बाबा एक छोटीशी चाल वाजवत, चार मोकळ्या तारांच्या चारच सुरांची, घसा साफ करावा तशी. लिंबूने ती वाजवली.

"अरे, नवा आणून ठेवला पण?" धडामकाका बोळातूनच म्हणाले. "क्या बात आहे, कसा सुरेख..."

पुढचं वाक्य त्यांच्या तोंडातच राहिलं. चपला थांबल्या. लिंबू वाजवत होता. दार उघडलं तेव्हा काकाचा चेहरा भिंतीसारखा पांढरा झाला होता.

"हा दादाचा आवाज आहे," तो म्हणाला.

मग भिंगरीने सांगितलं. दार, लाल दिवा, चेंगराचेंगरी, आणि शर्टाची बटणं. वकिलाने मध्ये फक्त एकदा तोंड घातलं, स्पीकर निर्दोष आहे हे सांगायला. काकाने कबूल केलं की तो लाल दिवा ॲम्प चालू असल्याचा आहे असंच तो समजत होता, कारण त्याने वाजवलं की तो पेटायचाच. एरवी यावर धडामकाका महिनाभर हसले असते. आता ते एका डब्यावर बसले होते.

"मी शेजारी बसायचो त्याच्या," ते म्हणाले. "प्रत्येक गाण्याला. हातभर अंतरावर. मला दिसलं नाही रे."

काका ॲम्पसमोर उकिडवा बसला. रंगाच्या डब्याचं झाकण तो नुसत्या अंगठ्याने उचकटत असे. तोच अंगठा त्याने गेनच्या नॉबजवळ नेला आणि न टेकवताच मागे घेतला. मग त्याने टेम्पोवाल्याला परत पाठवायला सांगितलं. हा कुठेही जाणार नाही, तो म्हणाला. वाजवायला आपण दुसरा आणू. हा इथेच कोपऱ्यात राहील, दादाने ठेवला तसा. कोणी हात लावायचा नाही.

ॲम्प वाचला होता. वकिलाने भिंगरीकडे विजयी नजरेने पाहिलं. तिला मात्र बरं वाटेना. तिच्या डोळ्यांसमोर तो मऊ ब्रश आला, आठवड्यामागून आठवडे धूळ झाडणारा, आणि खाली मुका बसलेला ॲम्प.

"नको, काका," ती म्हणाली. "बाबांनी नॉब फिरवले ते त्यांना वाजवता यावं म्हणून. पुजायला नाही फिरवले. आता बोटं तुझी आहेत."

  लिंबूचा चेहरा आंबट होऊ लागला होता. त्याने गिटार काकाकडे सरकवली आणि ताईला चिकटून उभा राहिला.

भिंगरीने बाबांनी शिकवलं तसंच केलं. आधी बाहेर पडणारा आवाज कमी केला. मग कॉम्प्रेसरचा नॉब धरला. तो थोडा जड होता. तिने तो हळूहळू मागे आणला, आणि मग गेन, पार शून्यापर्यंत. आपण हे काय केलं, असं क्षणभर तिला वाटलं आणि डोळ्यांपुढचे आकडे पुसट झाले. पण काम अर्धं राहिलं होतं.

"सगळ्यात जोरात वाजव," तिने सांगितलं.

काका वाजवत राहिला आणि ती गेन तसूतसूने वाढवत गेली. मधोमध आल्यावर लाल दिव्याने एकदा डोळा मिचकावला आणि मिटला. तिने हात काढून घेतला, बाहेरचा आवाज वाढवला आणि बाजूला झाली.

धडामकाका ड्रमवर जाऊन बसले. त्यांनी वकिलाच्या पाठीवर थाप मारली, लिंबूला उचलून शेजारच्या स्टुलावर ठेवलं आणि म्हणाले की आम्ही तिघं-चौघं बापये मिळून कानात बोळे घालून बसलो होतो, पोरांनी ते काढले. काकाने एका हाताने भिंगरीचं डोकं आपल्या छातीशी धरलं. तुझ्या बापाने तुला नीट शिकवलंय, तो म्हणाला. इतकं नीट की मलाही आता तूच शिकव. भिंगरीने मान हलवली. 

मग त्यांनी एक पूर्ण गाणं वाजवलं. आवाज स्वच्छ होता. भरदार होता, खोलीच्या कोपऱ्या-कोपऱ्यात पोचत होता, कुठेही फाटत नव्हता. आणि तो काकाचा होता.